वसतिगृहातल्या मुलामुलींनी मतदार यादीत नाव कुठे लावायचं?

कॉलेजात नवमतदार नोंदणीचं शिबिर म्हटलं की बहुतेक ठिकाणी शपथ, पाहुण्यांचं भाषण आणि ग्रुप फोटो एवढं उरकलं जातं आणि नमुना 6, म्हणजे यादीत नवं नाव लावायचा अर्ज, मुलांच्या हातात तसाच राहतो. मी निवडणूक शाखेत काम करतो. या खेपेला आम्ही भाषणं वगळली आणि मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्येच टेबलं मांडली. सुरुवातीलाच एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, गाव सोलापूर जिल्ह्यात आणि राहते इथे. नाव कुठे लावू?" या एका प्रश्नात सगळा दिवस गेला, आणि तो जायलाच हवा होता.

निवड तिचीच असते. मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा अभ्यासक्रम असेल, तर विद्यार्थी आई-वडिलांच्या गावी किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव लावू शकतो. वसतिगृहाचा पत्ता द्यायचा तर प्राचार्य किंवा कुलसचिवांचा बोनाफाईड दाखला सोबत जोडायचा. मात्र दोन्हीकडे नाव चालत नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुबार नोंदणीला मनाई आहे, आणि खोटं प्रतिज्ञापत्र दिलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मुलींना हे सांगितलं तेव्हा बऱ्याच जणींना आठवलं की वडिलांनी गावी अर्ज भरलाय. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, त्यामुळे असं सर्रास होतं. मग आधी निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर नाव शोधायचं. सापडलं आणि इकडे आणायचं असेल तर नमुना 8, म्हणजे पत्ताबदल-दुरुस्तीच्या अर्जातून स्थलांतर करायचं, पुन्हा नमुना 6 भरायचा नाही.

नाव गावी ठेवलं तर मतदानाला गावी जावं लागतं, कारण विद्यार्थ्यांना टपाली मतदानाची सोय नाही. परीक्षा आणि मतदान लागून आलं की हीच मुलं घरी पोचत नाहीत, आणि लोक त्यांना बेफिकीर म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं. नाव इथे आणलं तर मतदान पायी जाऊन होतं, पण गावच्या ग्रामसभेचं सदस्यत्व जातं. ग्रामसभा म्हणजे त्या गावच्या मतदार यादीतली माणसं. एकवीस पूर्ण झाल्यावर गावातून ग्रामपंचायत लढवायची असेल तरी नाव गावच्याच यादीत लागतं. हे ऐकल्यावर दोघीतिघींनी भरायला घेतलेला स्थलांतराचा अर्ज बाजूला ठेवला.

दुपारी मोबाईलवर अर्ज भरताना नेहमीची अडचण आली. आडनाव इंग्रजीत टाकलं की मराठी रूप आपोआप उमटतं. माझ्यासमोर ‘काळे’चं ‘काले’ झालं, ‘धुमाळ’चं ‘धुमाल’. घाईत ते तसंच पुढे गेलं की ओळखपत्रावर तेच छापून येतं आणि दुरुस्तीसाठी पुन्हा नमुना 8, पुन्हा पडताळणी. उमटलेलं नाव खोडून मराठी कीबोर्डने लिहायचं, याला अर्धा मिनिट लागतो. जन्मतारखेला दहावीची सनद चालते. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा हवा, सेल्फी कापून लावू नये.

पण वसतिगृहाचे अर्ज सर्वांत जास्त अडकतात ते पडताळणीत. बीएलओ, म्हणजे घरी येऊन अर्ज पडताळणारे मतदान केंद्राचे कर्मचारी, सकाळी अकराला येतात, मुली तासाला गेलेल्या असतात, आणि अर्जावर ‘पत्त्यावर आढळून आल्या नाहीत’ असा शेरा पडतो. यात ना बीएलओचा दोष ना मुलींचा. रेक्टर मॅडमनी खोलीनिहाय यादी करून दिली आणि बीएलओंना संध्याकाळी, मेसच्या वेळेला बोलावलं, तेव्हा पडताळणी एका बैठकीत झाली. संदर्भ क्रमांकाचा स्क्रीनशॉट मात्र प्रत्येकीने ठेवायचा. अर्ज नामंजूर झाला तर त्या क्रमांकावरून पोर्टलवरच कळतं, आणि पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

तारखांचं गणितही फळ्यावर मांडलं. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या अर्हता तारखा, म्हणजे त्या दिवशी अठरा पूर्ण असायला हवीत. 2 ऑक्टोबरला अठरा पूर्ण होणाऱ्याचं नाव 1 जानेवारीच्या हिशेबात येतं. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव चढत नाही, आणि हरकतींची मुदत धरता त्याआधी दहा दिवस तरी अर्ज पोचायला हवा. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग ठरावीक दिवसाची विधानसभेची यादी घेतो. मागच्या वेळी ती 1 जुलै 2025 ची होती. त्यानंतर अठरा पूर्ण झालेली मुलं मतदानापासून राहिली.

संध्याकाळी ज्यांनी गावी नाव ठेवायचं ठरवलं, त्या मुली थांबल्या होत्या. त्यांच्यासाठी ग्रामसभेचा विषय काढला. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. घरकुलाचे लाभार्थी मग पंधरा-वीस माणसांत ठरतात. एकीने लगेच वडिलांना फोन लावून 15 ऑगस्टची सभा किती वाजता आहे ते विचारलं. दुसरीने मागच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागायला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) नावे अर्ज लिहायला घेतला, आणि त्यात काय काय मागायचं हे आम्ही मेस बंद होईपर्यंत तिच्यासोबत ठरवत बसलो.