केबिनचा कोमल गंधार

रात्री सव्वा वाजता मी उठून बसलो आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलो. ग्लास जागचा हलत नव्हता. आतलं पाणी मात्र एकसारखं शहारत होतं. कडेपासून मध्याकडे बारीक वर्तुळं धावत होती, मध्यात विरत होती आणि पुन्हा कडेला उगवत होती. शेजारी सौभाग्यवती गाढ झोपेत. बोट लागू नये म्हणून तिने बॅलार्ड पियरवरच गोळी घेतली होती. त्या गोळीने बोट लागत नाही की नुसती झोप लागते, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलीने मुंबई–गोवा क्रूझचं तिकीट काढून दिलं होतं. स्वस्तात मिळालं, असंही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. या स्वस्ताईला ‘गॅरंटी केबिन’ म्हणतात. गॅरंटी एवढीच, की जहाजावर कुठेतरी खोली मिळेल. कुठे, ते कंपनी ठरवणार. कंपनीने आमच्यासाठी अगदी पिछाडीची, खालच्या डेकवरची खोली ठरवली होती. वर जेवणाचा हॉल, खाली कुठेतरी प्रोपेलर, आणि शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार. त्या दाराला कुलूप होतं, पण पलीकडच्या बाबांच्या घोरण्याला कुलूपबिलूप काही अडवत नव्हतं.

जाणकार लोक खोली निवडताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या बाजूला बघतात, हे मला नंतर कळलं. सी-सॉवर मध्ये बसलेल्या पोराला कमी झोके बसतात, तसंच हे. आणि वरही खोल्या, खालीही खोल्या असा डेक गाठायचा. माणसं रात्री झोपतात, हॉल झोपत नाहीत.

आता माझ्या आजाराबद्दल. मी डोंबिवलीतल्या एका भजनी मंडळात गेली बावीस वर्षं पेटी वाजवतो. वादक म्हणून बेताचाच, पण कान मात्र नको तितका शाबूत आहे. मिक्सर कुठल्या पट्टीत ओरडतो, लिफ्टचं दार कुठल्या स्वरावर येऊन थांबतं, हे मला न विचारता ऐकू येतं. लोकलच्या आवाजाचा मला त्रास नाही, तो येतो आणि जातो. त्रास होतो तो धरून ठेवलेल्या सुराचा. त्या केबिनमध्ये कुणीतरी एक सूर धरून बसलं होतं.

मी अंधारात मोबाईल काढला. तंबोरा लावायला एक अ‍ॅप ठेवलंय, ते सुरू करून मोबाईल भिंतीला टेकवला. आकडा जरा मागेपुढे झाला आणि स्थिरावला, एकशेवीस.

मला एकदम आमचा जुना फ्रीज आठवला. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर तिच्या दुपटीने, सेकंदाला शंभर कंपनांनी गुणगुणतात. घरातला फ्रीज मी कितीतरी वेळा याच अ‍ॅपने मोजलाय, तो शंभरावर पक्का. पण मोठ्या जहाजांवर वीज बहुधा साठ हर्ट्झची असते. तिची दुप्पट एकशेवीस. शंभर आणि एकशेवीस म्हणजे पाचास सहा. घरच्या फ्रीजला षड्ज, म्हणजे सा, मानलं, तर जहाज नेमक्या कोमल गंधारावर उभं होतं.

हे लक्षात आल्यावर माझी उरलीसुरली झोपही गेली. मध्यरात्र, कोमल गंधार, म्हणजे दरबारी रागच की! पण दरबारीचा गंधार कसा, मोठ्या माणसाने सावकाश मान डोलवावी तसा आंदोलित. हा गंधार थंडीत पंचा नेसून बसल्यासारखा कुडकुडत होता.

ते कुडकुडणं प्रोपेलरचं. गंमत अशी की प्रोपेलरचा धक्का बऱ्याचदा ऐकू येतच नाही. समजा अक्ष मिनिटाला १२० फेरे घेतो आणि पाती चार आहेत, तर मिनिटाला ४८० ठोके, म्हणजे सेकंदाला आठ. माणसाचा कान साधारण विसाच्या पुढे सुरू होतो. मग हे आठ ऐकायचे कुणी? पाठीने, दातांनी आणि ग्लासातल्या पाण्याने. सतारीचा झालासुद्धा या लयीपुढे दमावा.

आणि हे ठोके एकसारखे का पडत नाहीत, त्यालाही कारण आहे. जहाजाच्या पोटाला घासून आलेलं पाणी मंद असतं, खालचं मोकळं पाणी वेगाने येतं. पातं वर येतं तेव्हा मंद पाण्यात शिरतं, खाली जातं तेव्हा वेगाच्या. दर फेऱ्याला त्याच्यावरचा भार असा चढतो आणि उतरतो, आणि त्याचा दणका पाण्यातून थेट वरच्या पत्र्याला बसतो. पातं फार जोर करायला लागलं की त्याच्या पाठीवर पाण्याची वाफ होऊन बुडबुडे धरतात आणि लगेच फुटतात. पत्र्याच्या छपरावर कुणी खडी फेकावी तसा तो आवाज. जहाज वळताना तो मी दोनदा ऐकला.

हे दुखणं जुनं आहे. १९३५ साली ‘नॉर्मंडी’ नावाचं फ्रेंच जहाज पहिल्याच फेरीत अटलांटिक ओलांडण्याचा विक्रम करून आलं. त्या काळातलं सगळ्यात दिमाखदार जहाज, पण पिछाडी अशी थरथरायची की तिथल्या प्रवाशांचे हाल. शेवटी तीन पात्यांचे प्रोपेलर काढून चार पात्यांचे बसवावे लागले. पिछाडीला होता कोण, तर टूरिस्ट वर्ग. गॅरंटी केबिनवाल्यांची परंपरा अशी नव्वद वर्षांची आहे, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

पण खरं सांगायचं तर गुणगुण आणि थरथर ही दोन्ही मी सोसली असती. जीव खाल्ला तो किरकिरीने.

सव्वादोनला ती सुरू झाली. कि-र्रर्र, मग थांबणार. जहाज जरा कललं की पुन्हा कि-र्रर्र. पहिला संशय कपाटावर. उघडलं तर रिकामे हँगर एकमेकांना टकटक करत होते. ते काढून जमिनीवर आडवे ठेवले, खाली टॉवेल घातला. टकटक गेली, किरकिर तशीच. ड्रॉवर उघडून त्यात मोजे कोंबले. मोबाईल काचेवरून उचलून गादीवर ठेवला. शांपूची बाटली आडवी केली. तेवढ्यात कुणीतरी कुठेतरी फ्लश केलं. जहाजावरचा फ्लश म्हणजे पाणी ओतणं नव्हे, हवेने ओढून नेणं असतं. फस्सऽ करून असा आवाज झाला की मी नकळत कॉटचा कठडा धरला.

मग भिंतीवर हात ठेवून चालायला लागलो. ही पद्धत पेटीची. पेटीत कधी कधी सूर देणारी एखादी पितळी पत्ती झणझणते, मध्ये केसाएवढा कचरा अडकलेला असतो, पण कोणती पत्ती ते दिसत नाही. मग एकेक पट्टी दाबत, कान लावत जायचं. केबिनच्या भिंती विटांच्या नसतात. पत्र्याच्या दोन थरांत खनिज लोकर भरलेल्या पॅनेलांच्या असतात. बऱ्याचदा अख्खी खोलीच कारखान्यात तयार होते, बाथरूम-आरशासकट, आणि जहाज बांधताना फडताळात डबा सरकवावा तशी आत सरकवतात. समुद्रात जहाजाचं अंग वाकतं, लवतं. लवलंच पाहिजे, नाहीतर मोडेल. मग पॅनेलांचे सांधे एकमेकांवर घासतात आणि आपली रात्र जाते. आरशाच्या वरच्या कोपऱ्यात, छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे तळहात दाबला आणि किरकिर बंद. हात काढला, सुरू. दाबला, बंद.

सापडली याचा आनंद मोठा होता. पण हात वर करून रात्रभर उभं राहणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद टेबलावर होता. सकाळी झुंबा, दुपारी तंबोला, रात्री जादूगार. त्याच्या आठ घड्या केल्या आणि फटीत सारल्या. गप्प!

“काय करताय हो?” सौ. अर्धवट झोपेत.

“जहाज दुरुस्त करतोय.”

“बरं,” म्हणून ती कुशीवर वळली.

त्याआधी मी रिसेप्शनला फोनही केला होता. खोली बदलून मिळणार नव्हती, जहाज भरलेलं होतं. त्यांनी अदबीने कानात घालायचे स्पंजचे बोळे पाठवले. बोळ्यांनी वरचे आवाज जातात, म्हणजे घोरणं, फस्स, बाहेरच्या पोरांचा दंगा. खालचा सूर जात नाही, कारण तो उशीतून, कवटीच्या हाडातून येतो. बाकीची मैफल उठून गेल्यावर एकट्या तंबोऱ्यासमोर बसावं तसं झालं. बोळे काढून टाकले. घोरणं परवडलं, त्यात निदान सम तरी येत होती.

पहाटे पाचला वरच्या हॉलमध्ये खुर्च्या सरकायला लागल्या. खुर्ची उचलून ठेवता येते, हा शोध जगात अजून कुठेच लागलेला नसावा. पाठोपाठ मुरगावात शिरताना प्रोपेलर पुढे-मागे फिरायला लागले आणि सगळी पिछाडी गिरणीच्या जात्यासारखी दणाणली. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या लोकांची गत याहून वाईट, असं नाश्त्याला कळलं. जहाज धक्क्याला आडवं सरकवायला पुढे पोटात आडव्या बोगद्यातले पंखे असतात, ते अगदी त्यांच्या पलंगाखाली. एक गृहस्थ म्हणाले, “मला वाटलं खडकावर चढलो.”

मग धक्क्याला लागलो, प्रोपेलर थांबले, ग्लासातलं पाणी निवळलं. आता शांतता होणार म्हणून मी कान टवकारले. एकशेवीस जागच्या जागी. दिवे, एसी, स्वयंपाकघर हे सगळं चालवायला जनरेटर सुरूच राहतात. बंदरातही जहाज आपला सूर सोडत नाही.

खोली आवरायला आलेला मुलगा गोव्यातल्या साष्टीचा निघाला. बापही तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, आजाही तारवटी. जमिनीवर झोपवलेले हँगर आणि छतात खोचलेला जादूगार बघून तो हसला, पण ते हसणं ओळखीचं होतं. गोव्याच्या मराठीत म्हणाला, “कागद नको, काका. सकाळपर्यंत चपटा होतो. पुठ्ठा घाला.” आणि साबणाच्या खोक्याचा एक तुकडा दुमडून त्याने असा बसवला की सुतारानेही मान डोलवावी. मी विचारलं, तुमची झोपायची जागा कशी? खाली, पुढच्या बाजूला, म्हणाला. लाटा कानाशीच आपटतात. पण इंजिनाचा आवाज बराच कमी आहे.

घरी आल्यावर वाचलं. १ जुलै २०१४ पासूनचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, की त्यानंतर बांधलेल्या दहा हजार टनांवरच्या जहाजांत खलाशांच्या झोपायच्या खोलीत आवाज ५५ डेसिबलच्या वर जायचा नाही. नियम खलाशांसाठी, प्रवाशांसाठी नव्हे. योग्यच आहे. मी दोन रात्रींचा पाहुणा, तो महिनोन्‌महिने तिथेच राहणार.

परतीच्या रात्री पुठ्ठ्याने इमान राखलं. उशी पायथ्याकडे नेऊन उलटं झोपलो, डोकं बाहेरच्या भिंतीपासून लांब गेल्यावर थरथरही जरा कमी लागली. रत्नागिरीच्या सुमाराला कुठेतरी वडील आठवले. ते भाऊच्या धक्क्यावरून विजयदुर्गाला बोटीने जायचे, खालच्या डेकवर, सतरंजी टाकून, ट्रंक उशाला घेऊन. इंजिन जवळच धडधडायचं, तेलाचा वास, आजूबाजूला लोकांना बोट लागलेली. झोप कशी लागायची, असं मी लहानपणी विचारलं होतं. “इंजिन थांबलं की जाग यायची,” ते म्हणाले होते. “थांबलं म्हणजे बंदर आलं. मग पडावात उतरायची घाई.” त्यांना कधी सूर मोजायची गरज पडली नाही. पडावात ट्रंक पाण्यात जाऊ नये, ही काळजी त्यांना पुरेशी होती.

घरी आलो. बॅगा दारातच टाकल्या आणि आधी स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज ऐकला. षड्ज ठिकाणावर होता. मग पेटी काढली. जहाजाचा सूर कुठे सापडतो ते बघायचं होतं. काळी पाच दाबली, जरा खाली. पांढरी सात दाबली, जरा वर. एकशेवीस बरोबर दोघींच्या मध्ये पडत होता, जिथे पेटीला पट्टीच नाही. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने पेटीला बाहेर का ठेवलं होतं, ते त्या मिनिटाला मला थोडंसं पटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

मग सहज म्हणून खर्जाची पत्ती खुली केली आणि दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या. दोन सूर एकमेकांत घासले आणि मधोमध तो उभा राहिला, जहाजाचा सूर, कुडकुडण्यासकट! सेकंदाला सातेक हेलकावे. जहाजाचे आठ होते, पण डोंबिवलीत एवढं चालतं. पेटीवर स्टीलचं पाण्याचं भांडं ठेवून पाहिलं. भाता भरून धरला आणि पाण्यात बारीक वर्तुळं उठायला लागली.

आतून आवाज आला, “अहो, बंद करा ते. मला बोट लागेल.”