सही केलेला फोटो सोडून चेक कशाला?

मेरिलिन मन्रोचा सही केलेला फोटो घ्यायचा सोडून, तिने कधीकाळी एका औषधांच्या दुकानाला दिलेला आणि वटल्यावर बँकेने भोके पाडलेला जुना चेक मी का विकत घेतला, असे न्यू जर्सीतल्या आमच्या घरी जेवायला येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

फोटो मी आधी घेतला होता, तोही सही खरी असल्याच्या प्रमाणपत्रासकट. पुढे एका जाणकाराने भिंग लावून पाहिले आणि ती सही बहुधा कोणा सेक्रेटरीची असावी, असे सांगितले. त्या काळी यात विशेष काही नव्हते. चाहत्यांची पत्रे ढिगांनी येत आणि उत्तरादाखल जाणाऱ्या फोटोंवर सह्या करण्याचे काम पुष्कळदा कर्मचारीच उरकत. चेकवर मात्र तारीख, रक्कम, घेणाऱ्याचे नाव आणि बँकेचे शिक्के इतके साक्षीदार एकाच कागदावर हजर असतात. बाकीचा मजकूर टाइप केलेला असला, तरी खातेदाराची सही खातेदारालाच करावी लागते.

अमेरिकेत वटलेले चेक बँका महिन्याच्या हिशेबासोबत खातेदाराला परत पाठवत, त्यामुळे ते घरोघरच्या खोक्यांत आणि हिशेबनिसांच्या फायलींत साठले आणि पुढे लिलावांत आले. चेकऐवजी त्याची प्रतिमा चालवून घेणारा २००३ चा कायदा ऑक्टोबर २००४ पासून लागू झाल्यावर चेक असे परत पाठवणे कमी होत गेले. भारतात वटलेला चेक बँकेकडेच राहतो. आपल्याकडच्या नटनट्यांचे असे कागद सहसा हाती लागत नाहीत, ते त्यामुळेच.

पण खरे कारण निराळे आहे. मेरिलिनच्या अखेरच्या दिवसाची, म्हणजे ४ ऑगस्ट १९६२ ही तारीख असलेला, एका फर्निचरच्या दुकानाला दिलेला चेक लिलावात आलेला आहे. माझा चेक तो नव्हे, पण ओढ तीच. त्याच वर्षी तिने लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवुड भागात घर घेतले होते आणि ते ती हौसेने सजवत होती. तिच्या मृत्यूविषयी लिहिलेल्या शेकडो पानांपेक्षा मला त्या एका कागदापाशी जास्त थांबावेसे वाटते, कारण त्यात घर मांडू पाहणारी एक बाई दिसते, आणि आपल्याकडे कोणी पाहत आहे हे तिला ठाऊक नाही.

नेमकी हीच गोष्ट माझ्या पत्नीला खटकते. “उद्या आपली वाण्याची उधारीची वही कुणी फ्रेम करून लावली, तर चालेल तुम्हाला?” असे तिने विचारले होते. मला उत्तर सुचले नाही. चेक भिंतीवर लावण्याचा बेत मात्र मी सोडून दिला. तसेही उजेडाने शाई उडते. आता तो पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालून कपाटात ठेवला आहे. कोणी विचारलेच, तर जेवणे आटोपल्यावर, हात धुऊन कोरडे केल्यावर, मी तो बाहेर काढतो.