नादकाटा रबरावरच आपटायचा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभी राहिली ती पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळाच. बाकी गुरुजनांची क्षमा मागतो. हे मनोगत फक्त आपल्या पदार्थविज्ञानाच्या सरांविषयी आहे.

ध्वनीचा वेग मोजायच्या प्रयोगात नादकाटा, म्हणजे टोला दिला की एकच स्वर देणारा दोन भुजांचा धातूचा चिमटा, टेबलाच्या कडेवर आपटायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. कठीण जागी आपटला की मूळ स्वरात वरचे स्वर मिसळतात आणि भुजेला पोचा आला तर काट्याची वारंवारताच बदलते. म्हणून रबरी ठोकळ्यावर हलका टोला द्यायचा आणि काटा पाणी भरलेल्या उभ्या काचनळीच्या तोंडावर आडवा धरायचा, भुजा एकीखाली एक, काचेला अजिबात न टेकवता. ५१२ हर्ट्झच्या काट्याला, पाणी खाली उतरवत नेलं की, पाण्यावरचा हवेचा स्तंभ १६ सेंटिमीटरच्या आसपास झाला की नळी घुमते. तेवढ्यावर थांबलेल्या मुलाला सर सोडत नसत. ५० च्या जवळचा दुसरा घुमारा शोधायलाच लावत. प्रस्पंद बिंदू, म्हणजे हवा सर्वांत जास्त हलते ती जागा, नेमका नळीच्या तोंडाशी नसतो, व्यासाच्या साधारण ०.३ पट वर असतो. दोन्ही लांबींची वजाबाकी केली की ही चूक आपोआप निघून जाते. फरक ३३.८ सेंटिमीटर आला, तर तरंगलांबी त्याच्या दुप्पट आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटर.

पुस्तकात ३३१ छापलंय म्हणून आकडा ओढूनताणून तिथे आणलेली वही सर तशीच परत देत. ३३१ हा शून्य अंशाचा वेग. पुढे दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने तो वाढतो. वहीत खोलीचं तापमान नसेल तर प्रयोग झालाच नाही, असं ते मानत. त्यांचंच बरोबर होतं.

चुंबकाच्या तासाला किल्ल्या, घड्याळं, पत्र्याच्या कंपासपेट्या वर्गाबाहेर. पट्टीचुंबकाचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे ठेवला की उदासीन बिंदू, म्हणजे चुंबकाचं आणि पृथ्वीचं क्षेत्र एकमेकांना रद्द करतात त्या जागा, पूर्व-पश्चिमेला, मध्यापासून सारख्या अंतरावर यायला हवेत. खिडकीजवळच्या टेबलावर ते कधीच सारखे येत नसत. एकदा सरांनी चुंबक उचलून बाजूला ठेवला आणि नुसती चुंबकसूची त्या टेबलावर बोटबोट सरकवत नेली. ड्रॉवरपाशी सूची कलली. आत लोखंडी स्टँडची बैठक पडून होती! तेव्हापासून आधी रिकाम्या टेबलावर सूची फिरवायची आणि मगच चुंबक मांडायचा.

त्याच तासाला त्यांनी अलिबाग सांगितलं. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये ते काम अलिबागला नेलं. तिथल्या इमारतीसाठी चुंबकत्व नसलेलं साहित्यच वापरलं. टेबलाच्या ड्रॉवरपासून थेट अलिबागपर्यंत सर एका दमात नेत असत.

आज शाळेत डिजिटल वर्ग आहेत, आपले विद्यार्थी मोठमोठ्या संस्थांत आहेत, याचा अभिमान वाटतोच. पण पडद्यावरच्या नळीत पाणी उतरवून घुमारा कानाला कळत नाही. शिवाय गेल्या भेटीत पट्टीचुंबक कपाटात एकावर एक ढीग करून टाकलेले दिसले, तेव्हा फार वाईट वाटलं. असे ठेवले की चुंबकत्व उतरत जातं. पडझडीने आणि उष्णतेने तर लवकरच. जोडीजोडीने, विजातीय ध्रुव शेजारी येतील असे, मध्ये लाकडी पट्टी आणि दोन्ही टोकांना मृदू लोखंडाचे तुकडे लावून ते ठेवायला हवेत. सरांच्या पेट्यांत हे तुकडे होते. आता नसतील तर आमच्या तुकडीकडून ते करून देऊ. समितीने फक्त चुंबकांची रुंदी आणि जाडी कळवावी.