चेंबर वर, घर खाली

मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावाला नगरपालिकेच्या कर विभागात आहे. दर चार वर्षांनी आमच्याकडे घरपट्टीची नवीन आकारणी होते, आधी घरोघरी सर्व्हे, मग नोटिसा, मग लोकांच्या हरकती आणि शेवटी नगररचनाचे साहेब येऊन सुनावणी घेतात. यावेळी भुयारी गटारीचा कर पहिल्यांदाच लागणार होता म्हणून हरकतींचा गठ्ठाच पडला होता. सुनावणी ऐन मे महिन्यात, पंखे गरम हवा फेकतायत आणि लोक हातातल्या नोटिशीनेच वारा घेतायत.

दुपारी एक आजी पुढे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, मन्हा घरले गटारच नही, मंग पैसा कसाना?"

सकाळपासून सगळ्यांना देत होतो तेच उत्तर मी दिलं, माय, लाईन तुमच्या कॉलनीतून गेलीय, जोडणी घ्यायचं काम तुमचं. त्या काही बोलल्या नाहीत, पिशवीतून सेप्टिक टाकी उपसणाऱ्या गाडीच्या पावत्या काढून टेबलावर ठेवल्या, एका वर्षातल्या तीन.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, "जागेवर कोणी जाऊन आलंय?"

मी गप्प. ती यादी मीच केली होती, ठेकेदाराच्या नकाशावरून, लाल रेघ दिसली की त्या गल्लीला कर. तो नकाशा मंजूर कामाचा होता, झालेल्या कामाचा नाही, हे तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर ज्युनिअर इंजिनिअर आणि एक मिस्त्री घेऊन गेलो. मेन रोडवर चेंबर होतं, गल्लीत काहीच नव्हतं. इंजिनिअर म्हणाला पाईप टाकला की जोडता येईल, मिस्त्री म्हणाला थांबा साहेब, गल्ली नाल्याकडे उतरतेय. त्याने लेव्हलची नळी पाण्याने भरली, एक टोक चेंबरपाशी धरलं, दुसरं आजींच्या संडासाच्या पाईपपाशी. घराचा पाईप मेन लाईनच्या तळापेक्षा जवळपास दोन फूट खाली निघाला! म्हणजे उद्या जोडणी दिलीच असती तर यांची घाण बाहेर जाणं सोडा, रस्त्यावरचीच यांच्या घरात आली असती. त्या उतारावर अशी 14 घरं होती आणि चौदाही घरांना मी कर लावला होता.

आता हा कर बसतो कसा ते सांगतो, कारण बऱ्याच लोकांना बिलातली ओळ कळतच नाही. घराचं वर्षाचं भाडं किती येईल ते धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करतात, जे उरतं ते करयोग्य मूल्य. समजा भाडं 12,000 धरलं तर करयोग्य मूल्य 10,800, आणि गटारकर 4 टक्के असेल तर वर्षाला 432 रुपये. आकडा छोटा वाटतो, पण अंतिम यादी लागली की पुढच्या आकारणीपर्यंत तोच चालतो, आणि थकला तर महिन्याला 2 टक्के शास्ती. ज्या बाईला टाकी उपसायलाही पैसे मोजावे लागतात तिच्यावर हे का?

पैसा लागतो हे मला मान्य आहे. सरकारचं अनुदान आलं तरी पालिकेला आपला हिस्सा भरावा लागतो, आणि पुढे पंपांचं लाईटबिल, शुद्धीकरण केंद्र चालवायचं, हा खर्च कायमचा. दारासमोरून लाईन गेलीय आणि मुद्दाम जोडणी घेत नाही त्याने कर भरावा असंच माझं मत आहे, अगदी मोकळा प्लॉट असला तरी, कारण लाईनीमुळे त्याचा भाव वाढतो. त्याच सुनावणीत एक रिटायर्ड गुरुजी होते, मुलगा अमेरिकेत. ते सांगत होते की तिकडे बऱ्याच शहरांत नवीन गटार टाकली की तिचा खर्च फायदा होणाऱ्या प्लॉटांवरच वाटतात, कुठे रस्त्याकडच्या रुंदीच्या फुटांवर तर कुठे प्लॉटमागे सारखा, आधी नोटीस, जाहीर सुनावणी, मग 10-20 वर्षांचे हप्ते व्याजासकट, आणि नाही भरले तर घरावर बोजा चढतो. म्हणजे तिकडेही सुटका नाहीच, पण फायदा कुणाला झाला हे आधी दाखवावं लागतं. मी नेमकं तेच न बघता यादी केली होती.

रात्री बसून पंचनामा लिहिला, चौदाही घरांच्या लेव्हल टाकल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांचा गटारकर वगळला, हरकत फक्त आजींची होती तरी. बाकीच्या लाल रेघांच्या गल्ल्याही पायी फिरून तपासायला घेतल्या, त्यातल्या अजून दोन रिकाम्या निघाल्यात.

आजी निकालाचा कागद न्यायला आल्या तेव्हा घरपट्टी आणि पाणीपट्टीचे पैसे सोबत घेऊनच आल्या होत्या, काउंटरवर पूर्ण भरले. जाता जाता विचारलं, "मंग भाऊ, आते गटार कव्हय येई?"

उतारावरच्या घरांसाठी नाल्याच्या बाजूने वेगळी लाईन आणि छोटा पंप लागेल असं इंजिनिअर म्हणतो. त्याचा प्रस्ताव मी टाईप करून दिलाय, अजून सही झालेली नाही.