कागदावर मी ‘निरोगी’ लिहिलं होतं

तो पिशवी घेऊन आत आला आणि बसलाच नाही. "डॉक्टर, हा सारखा वर बघत राहतो." पिशवीतून कार्पेट पायथन काढला, तर खरंच मान मागे टाकून तोंड छताकडे. टेबलावर उताणा केला. धडधाकट साप असा पडून राहतच नाही. आधी डोकं वळतं आणि त्यामागून सगळं अंग लाटेसारखं सरळ होत जातं. याचं डोकं वळलं, अर्ध्यावर अडकलं, पोट वर ते वरच. मी दहा आकडे मोजले.

असं व्हायला कारणं अनेक. उष्णता फार झाली, मेंदूत संसर्ग गेला, कीटकनाशक अंगात भिनलं. म्हणून विचारलं, माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, होते का?

"होते ना, पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके दिसायचे. पण ते दुसऱ्या सापाला. बोआ आहे एक. तो ठणठणीत आहे, तुम्हीच तर तपासलात."

फाइल काढली. आठ महिन्यांपूर्वीची, माझंच अक्षर. वजन चांगलं, तोंड स्वच्छ, कात अखंड, विष्ठेत कृमी नाहीत. शेरा: निरोगी.

दुसऱ्या दिवशी बोआ आणायला लावला. देखणा, जाडजूड, हातात घेतला की वेढा घट्ट. शेपटीच्या खालच्या बाजूच्या शिरेतून थेंबभर रक्त काढून काचपट्टी रंगवली. सापाच्या लाल पेशीत केंद्रक असतंच, ते आपल्यासारखं नाहीसं होत नाही. इथे पेशीमागून पेशीत त्या केंद्रकाला खेटून आणखी एक गुळगुळीत गोळा बसलेला. इन्क्लूजन बॉडी डिसीज, पेशींत असे गोळे दिसणारा सापांचा विषाणूजन्य आजार. आजार १९७० च्या दशकापासून माहीत आहे, त्यामागचे विषाणू, आरेनाव्हायरस, सापडले २०१२ मध्ये. बोआ तो वर्षानुवर्षं अंगात घेऊन मजेत जगू शकतो. पायथनच्या मात्र थेट मेंदूवर येतो. दोघांचेही नमुने पीसीआरला पाठवले, दोन्ही पॉझिटिव्ह.

"बोआ नवा होता तेव्हा वेगळा ठेवला होता की," तो म्हणाला. वेगळा म्हणजे त्याच खोलीत, शेजारच्या पेटीत, दोन आठवडे. उंदीर द्यायचा चिमटा एकच. विकणारे हेच सांगतात आणि लोकांना हेच ऐकायचं असतं. किमान तीन महिने, वेगळी खोली, खाली साधा कागद (त्यावर माइट लपत नाहीत, विष्ठा लगेच दिसते), जुन्या सापांचं सगळं उरकून शेवटी नव्याला हात, हे सांगितलं की चेहरे पडतात. घाणीवरच ब्लीच फवारणारे तर रोज भेटतात. आधी साबणानं घासून विष्ठा काढा, मग पातळ ब्लीच, दहा मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. या विषाणूला तेवढं पुरतं. क्रिप्टोस्पोरिडियम हा पचनमार्गातला परजीवी असता तर ब्लीचलाही त्यानं दाद दिली नसती.

पण हे सगळं त्यानं पाळलं असतं तरी? बोआ तीन महिन्यांनीही असाच चकचकीत दिसला असता. वेगळं ठेवून माइट सापडले असते, सर्दी सापडली असती. हा विषाणू चाचणीशिवाय सापडत नाही, आणि एकदा निगेटिव्ह आली म्हणून मोकळं होता येत नाही, काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते. आठ महिन्यांपूर्वी मी तिचं नावही काढलं नाही. खर्चिक आहे, नको म्हणेल, असं मनातच ठरवून टाकलं. त्याला विचारलंच नाही.

माइटनीच विषाणू नेला की चिमट्यानं, हे आता सिद्ध करता येणार नाही. माइटवर संशय जुना आहे. तो मात्र फवारा उशिरा मारला म्हणून स्वतःलाच बोल लावत होता आणि मी लगेच काही बोलले नाही. मग फाइल त्याच्यापुढे सरकवली, शेऱ्यावर बोट ठेवलं. त्यानं वाचलं आणि पायथनचं काय करायचं तेवढं विचारलं.

पायथनला त्याच संध्याकाळी दयामरण दिलं. बोआ घरी गेला: आयुष्यभर एकटा, जोडी लावायची नाही, कुणाला द्यायचा नाही, घरात नवा साप नाही.

परवा त्याचा फोन आला. बोआनं उंदीर नेहमीसारखा झडप घालून घेतला म्हणे. हे तो आनंदानं सांगत होता की तक्रार करत होता, मला कळलं नाही.