दुकान विकायचं की वाढवायचं?

इंदूरच्या भंवरकुआँ भागात एमपीपीएससी (मध्य प्रदेश लोकसेवा आयोग) आणि नीटची तयारी करणाऱ्या मुलांना खोली आणि मेसचा डबा मिळवून देणारं आमचं अ‍ॅप बरं चाललंय. तरी रविवारी पोहे खाताना मी भागीदारापुढे विषय काढलाच, यातून बाहेर कसं पडायचं? तो भडकला. "मांडवात काडीमोडाची बोलणी कशाला?"

अरे, चालू धंद्यालाच गिऱ्हाईक मिळतं!

घेणारा नक्की काय घेणार, यातच खरी गोम आहे. शेअर घेतले तर कंपनीची जुनी देणीही मागोमाग येतात, म्हणून बऱ्याच जणांना नुसतं अ‍ॅप, नाव आणि यादी हवी असते. यादी म्हणजे मुलांचे फोन, पत्ते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण बालक, त्याची माहिती वापरायला पालकांची संमती हवी. नीटवाले बरेचसे त्यातलेच. ती यादी मी अशीतशी कुणाच्या हवाली करणार नाही, भाव कितीही येवो. खोल्यांची अनामत तर वेगळ्याच खात्यात ठेवलीय.

गिऱ्हाईक नाहीच आलं तर? मामा सीए आहेत. ते म्हणाले, दोन आर्थिक वर्षं धंदा बंद आणि देणी चुकती असली, की कंपनी कायदा 2013 च्या कलम 248 खाली एसटीके-2 हा अर्ज भरून कंपनीचं नाव सरकारी नोंदीतून काढता येतं. "पण तोवर वार्षिक रिटर्न चुकवू नका रे, दिवसाला 100 रुपये लागतात."

भागीदाराने तूर्त एकच गोष्ट मान्य केलीय: नीट संपून मुलं गावी गेली, की त्या महिन्यात कुणाला आकडे दाखवायचे नाहीत.