तीन सूत्रांच्या आधी एक आलेख

सीईटीची उजळणी सुरू झाली की अकरावीचा भाग कुणालाच नको असतो. आमच्या लेकीचं म्हणणंही तेच. "बाबा, अकरावीचे वीसच टक्के. फिजिक्सच्या पन्नासात दहा प्रश्न. त्यात गतीवर एखाददुसरा." हिशोब बरोबर आहे, पण मला तो पटत नाही. गतीचा धडा इतर धड्यांच्या पोटात दडलेला असतो. उतारावरून घरंगळत येणारा भरीव गोल खाली किती वेगाने पोचेल, हा प्रश्न बारावीच्या पहिल्या धड्यातला. त्यात नवीन काय, तर त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, 'जी साइन थीटा'च्या पाच सप्तमांश (जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, थीटा म्हणजे उताराचा कोन). पुढे सगळं गतीचं तिसरं सूत्रच. विद्युतक्षेत्रात आडवा शिरलेला इलेक्ट्रॉन म्हणजे गच्चीवरून आडवा फेकलेला दगड, फक्त गुरुत्वाच्या जागी विद्युत बल. हा एक धडा कच्चा राहिला की असे चार प्रश्न हातचे जातात.

मी लोकलचा मोटरमन, राहायला कळव्याला. फिजिक्स शिकवणं हा माझा पेशा नाही. पण गाडीला वेग देणं, तो धरणं आणि ठरल्या जागी थांबवणं हे रोजचं काम असल्यामुळे हा धडा मी मागून घेतला. केमिस्ट्री आणि गणित तिचं ती बघते.

पहिल्या बैठकीत सूत्रांची वही बाजूला ठेवायला लावली आणि माळ्यावरून नववीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं. पहिलाच धडा 'गतीचे नियम'. त्यात तिन्ही समीकरणं आलेखावरून सिद्ध केलेली आहेत. क्लासच्या जाडजूड नोट्सपेक्षा ती दोन पानं मला जास्त मोलाची वाटतात.

मग मी तिला ऐरोली ते रबाळे गाडी काढायला सांगितली, कागदावर. आकडे सोपे धरले. गाडी थांबलेली आहे. ४० सेकंदांत ती सेकंदाला २० मीटरचा, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरचा वेग घेते. त्या वेगाने ६० सेकंद जाते आणि मग २५ सेकंदांत थांबते. (खरं तर वेग मिळाल्यावर आम्ही पॉवर बंद करतो आणि गाडी कोस्टिंगवर सोडतो, तेव्हा वेग थोडा थोडा उतरत असतो. गणितासाठी तो सपाट धरला.) आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वेग. समलंब चौकोन तयार झाला. चढत्या रेषेचा चढ ०.५, म्हणजे त्वरण. उतरत्या रेषेचा चढ उणे ०.८, म्हणजे ब्रेक. आणि रेषेखालचं क्षेत्रफळ: ४०० अधिक १२०० अधिक २५०, एकूण १८५० मीटर. एकही सूत्र न वापरता.

सरासरी वेग विचारल्यावर ती आधी "दहा" म्हणाली, शून्य आणि वीसची सरासरी. मी काही बोललो नाही, फक्त आलेखावर बोट ठेवलं. १८५० भागिले १२५ म्हणजे १४.८. दोन टोकांच्या वेगांची सरासरी फक्त एका सरळ रेषेच्या तुकड्यावर चालते, हे तिचं तिलाच दिसलं. घोडबंदर रोडवरून जाताना ताशी ६० आणि त्याच रस्त्याने येताना ताशी ४०, तर सरासरी ५० नाही, ४८. हळू चालण्यात वेळ जास्त गेला म्हणून.

ब्रेकवर मी जरा जास्तच वेळ घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता. वेग सेकंदाला १० मीटर असताना ०.८ चा ब्रेक लावला तर गाडी ६२.५ मीटरवर थांबते. वेग २० असेल तर २५० मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. पहिल्या पावसात रूळ निसरडे होतात. तेव्हा ब्रेक ०.५ एवढाच मिळतो असं धरलं तर तेच २५० मीटर ४०० वर जातात. पोरं तिसरं सूत्र, 'व्ही स्क्वेअर इज इक्वल टू यू स्क्वेअर प्लस टू ए एस', घडाघडा म्हणतात (यू सुरुवातीचा वेग, व्ही शेवटचा, ए त्वरण, एस अंतर). पण त्यातला वर्ग कशासाठी आहे हे ज्याला कळलं, तो रस्त्यावरही गाडी वेगळी चालवेल असं मला मनापासून वाटतं.

परीक्षेतला नेहमीचा सापळाही इथलाच. मोटारीचा वेग सेकंदाला २० मीटर, ब्रेकमुळे त्वरण उणे ५. तर ६ सेकंदांत ती किती अंतर जाईल? दुसऱ्या सूत्रात ('एस बरोबर यू टी अधिक अर्धा ए टी वर्ग', टी म्हणजे वेळ) आकडे घातले की ३० मीटर येतात. खरं उत्तर ४०. मोटार चौथ्या सेकंदालाच थांबलेली असते. सूत्राला ते माहीत नसतं, त्याच्या लेखी ती पुढचे दोन सेकंद उलटी मागे येते. आलेख काढला तर रेषा शून्याला टेकलेली डोळ्यांसमोर दिसते.

चिन्हांचा नियम एकच ठेवला: वरची दिशा धन, आणि प्रश्न संपेपर्यंत ती बदलायची नाही. २५ मीटर उंच गच्चीवरून दगड २० च्या वेगाने सरळ वर फेकला, तर जमिनीवर कधी पडेल? जी १० धरून एका ओळीत लिहायचं: उणे २५ बरोबर २० टी उणे ५ टी वर्ग. उत्तर ५ सेकंद. तिला दोन तुकडे करायला आवडतं, २ सेकंद वर आणि ४५ मीटर खाली यायला ३ सेकंद. तेही चालेल. मात्र सर्वांत वरच्या बिंदूला त्वरणही शून्य होतं, असं मनात राहता कामा नये. तिथे शून्य होतो तो वेग.

गॅलिलिओबद्दल तिला मुद्दाम सांगितलं. सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं, म्हणून त्याने गोळा उतारावर सोडून पडणं मंद केलं आणि भांड्यातून गळलेलं पाणी तोलून वेळ मोजली. लागोपाठच्या सारख्या वेळांत अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात, हे त्याने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात मांडलं. जी १० धरला तर ५, १५, २५, ३५ मीटर. 'एन'व्या सेकंदातल्या अंतराचं सूत्र विसरलं तरी ही ओळ विसरत नाही.

प्रक्षेपक गतीवर फार वेळ घालवला नाही. आडवा वेग तसाच राहतो, उभा बदलतो. ३० आणि ६० अंशांना पल्ला सारखाच. एवढं पुरे.

शेवटी एक गणित मी स्वतः रचून दिलं. थांबलेली वस्तू, त्वरण ६ टी, तर २ सेकंदांत किती अंतर? इथे तिन्ही सूत्रं बाद, कारण त्वरण स्थिर नाही. पण त्वरणाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ वेग देतं, ३ टी वर्ग, आणि वेगाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ अंतर, ८ मीटर. शेवटचं त्वरण १२ धरून सूत्रात घातलं असतं तर २४ आले असते, आणि पर्यायांत २४ हमखास असतात. तिने ८ वर खूण केली आणि विचारलं, "मग एसएचएमलाही हेच लागू?" (एसएचएम म्हणजे सरल आवर्त गती, झोक्यासारखी मागेपुढे होणारी.) हो, तिथेही त्वरण सतत बदलतं. तो धडा माझ्या पुढच्या रेस्टला, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, घेतोय, नववीचं पुस्तक तोवर टेबलावरच राहू दे म्हटलं.